महाविद्यालय हीसुद्धा कामाची जागा

महाविद्यालयात काम करणाऱ्यांना होणाऱ्या इजा आणि आजार सहसा कोणाच्या मोजणीत येत नाहीत. कारखान्यात यंत्रात हात सापडला की बातमी होते. प्रयोगशाळेत परिचराच्या मनगटावर आम्ल उडाले तर नळाखाली हात धुतला जातो आणि पुढचा तास सुरू होतो. शिकण्या-शिकवण्याची जागा म्हणजे सुरक्षित जागा, असे सगळेच धरून चालतात. पण तीव्र आम्ले, गॅसचे सिलिंडर, जुनी वायरिंग, उंच शिड्या, शौचकुपे आणि उन्हाळ्यात तापलेले पत्रे या सगळ्या गोष्टी एकाच आवारात असतात. त्यांच्याशी रोज काम पडणारी माणसेही तिथेच असतात.

सौंसर आणि पांढुर्णा या पट्ट्यात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. पांढुर्णा जिल्हा 2023मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. संत्र्याचा आणि कपाशीचा हा प्रदेश मध्य प्रदेशात असला तरी घराघरांत मराठी बोलली जाते. जामसांवली आणि आसपासच्या गावांतली मुले पदवीसाठी सौंसर किंवा पांढुर्ण्याला जातात. मोठ्या रुग्णालयासाठी मात्र छिंदवाडा नाहीतर नागपूर गाठावे लागते, म्हणजे पन्नास किलोमीटरहून लांबचा प्रवास. डोळ्यात आम्ल गेलेल्या किंवा विजेचा धक्का बसलेल्या माणसाचे पुढे काय होणार, हे अशा ठिकाणी पहिल्या पंधरा मिनिटांत आणि महाविद्यालयाच्या आवारातच ठरते.

इथल्या शासकीय महाविद्यालयांत कामाला असलेले सगळे एका पायरीवर नसतात. नियमित प्राध्यापक आणि लिपिक असतात. त्यांच्या खालोखाल तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवणारे ‘अतिथी विद्वान’ येतात. रिकाम्या पदावर नियमित माणूस आला की त्यांना ‘फॉलन आउट’ व्हावे, म्हणजे जागा सोडावी लागते. महाविद्यालयाच्या जनभागीदारी (लोकसहभाग) समितीच्या निधीतून नेमलेले कर्मचारी वेगळे, आणि ठेकेदारामार्फत आलेले सफाई कामगार व चौकीदार आणखी वेगळे. काम जितके धोक्याचे, तितका ते करणारा माणूस या उतरंडीत खाली असतो. सुरक्षेची सूचना मात्र बहुतेक वेळा वरच्या पायरीपर्यंतच पोहोचते. प्रतिबंधाची कुठलीही योजना याच्या उलट दिशेने, म्हणजे खालून वर, आखायला हवी.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्षारांचे पृथक्करण शिकवताना अनेक वर्षे किपचे उपकरण वापरले गेले. काचेच्या तीन फुग्यांच्या या उपकरणात लोह सल्फाइडवर विरल आम्ल पडते आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास सगळ्यांना ठाऊक असतो आणि वास येतो तोवरच धोका, अशी समजूत असते. हा वायू हवेत दशलक्ष भागांत साधारण शंभर भागांपर्यंत पोहोचला की काही मिनिटांत नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला, म्हणजे वायू गेला असे वाटते, आणि नेमका तेव्हा तो वाढलेला असतो. विद्यार्थी तासाभराने बाहेर पडतो. परिचर एकामागून एक येणाऱ्या तुकड्यांसाठी दिवसभर त्याच खोलीत थांबतो. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, मळमळ या त्याच्या तक्रारी ‘उन्हाने झाले असेल’ म्हणून सोडून दिल्या जातात.

अशा वेळी ‘जपून काम करा’ असे सांगून भागत नाही. सुरक्षाशास्त्रात उपायांचा एक क्रम मानला जातो. आधी धोक्याची वस्तू काढून टाकता येते का ते पाहायचे. नाही जमले तर तिच्या जागी कमी घातक वस्तू आणायची. तेही शक्य नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये आडोसा उभा करायचा. नियम आणि प्रशिक्षण त्यानंतर, आणि हातमोजे, चष्मा, मास्क सगळ्यांत शेवटी. किपच्या बाबतीत याचा अर्थ असा की अभ्यासक्रमाला चालत असेल तर हा वायू लागणारी पद्धत वगळावी किंवा थेंबाथेंबाने होणारी सूक्ष्म पद्धत घ्यावी. उपकरण ठेवायचेच असेल तर ते धूर ओढणाऱ्या कपाटात ठेवावे, आणि ते कपाट खरोखर हवा ओढते का हे कागदाची पट्टी धरून पाहावे. पुष्कळ ठिकाणी अशी कपाटे असतात, पण पंखा बंद असतो आणि आत बाटल्या रचलेल्या असतात.

तीव्र गंधकाम्लाचे द्रावण करताना आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. नाहीतर उष्णतेने आम्ल उसळून अंगावर येते. अडीच लिटरच्या बाटल्या खांद्याच्या वरच्या फळीवर ठेवू नयेत. डोळ्यात काही गेले तर वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे डोळा धूत राहावे लागते. म्हणून प्रयोगशाळेतला एक तरी नळ मोकळा हवा आणि टाकीत पाणी हवे. मे महिन्यात टाकी कोरडी असताना प्रात्यक्षिक परीक्षा घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

प्राणिशास्त्राची अडचण निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केले, तरी संग्रहालयातल्या बरण्या तशाच आहेत. त्यांतले फॉर्मेलिन उडून कमी होते आणि परिचर झाकण काढून त्यात भर घालतो. फॉर्मेलिनमधला फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004मध्ये दिला. भर घालायचे काम खिडक्या उघडून, सुट्टीच्या दिवशी आणि योग्य हातमोजे घालून करता येते. ज्या बरण्यांकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नाही त्या कमी करणे त्याहून बरे.

जुना साठा हा सगळ्याच प्रयोगशाळांचा दुखरा भाग आहे. साठानोंदवहीतली वस्तू कमी केली तर लेखापरीक्षणात विचारणा होईल, या धास्तीने काहीच टाकले जात नाही. उघडून ठेवलेल्या इथरमध्ये काळाच्या ओघात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. कोरडे पडलेले पिक्रिक आम्ल धक्क्यानेही फुटू शकते. उलट टोकाचे उदाहरण दिल्लीचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, वर्षानुवर्षे वापरात नसलेले किरणोत्सर्गी उपकरण 2010च्या सुरुवातीला लिलावात भंगारवाल्यांकडे गेले. त्यातला कोबाल्ट-60 मायापुरीच्या भंगारबाजारात उघडा पडला, अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एका कामगाराचा जीव गेला. सांभाळून ठेवणे आणि टाकून देणे, दोन्ही माहीतगार माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. गॅसच्या सिलिंडरांचेही तेच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 5 डिसेंबर 2018 रोजी प्रयोगशाळेत स्फोट होऊन एका संशोधकाचा मृत्यू झाला, तिघे जखमी झाले. इतक्या नावाजलेल्या संस्थेत हे होऊ शकते, तर लहान गावातल्या महाविद्यालयाने सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून, शक्यतो खोलीबाहेर ठेवण्यात कुचराई करायला नको.

उन्हाळा लागला की या भागात कुलर बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर विजेचे अपघातही येतात. पत्र्याच्या कुलरमध्ये पाण्यात बुडालेला छोटा पंप असतो. त्याच्या वायरचे आवरण एका जागी जरी तडकले तरी पाणी आणि त्यामागोमाग सगळा पत्रा विजेने भारला जातो. शिपाई बादलीने पाणी भरतो तेव्हा कुलर चालूच असतो, कारण साहेबांच्या खोलीत उकडते. जमीन ओली, पायात चप्पल नाही, एक हात पत्र्यावर. मुख्य फलकावर बसवलेला साधा एमसीबी अशा वेळी उपयोगाचा नाही. तारेवर भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले तरच तो पडतो, आणि माणसाचा जीव घ्यायला त्याहून फार थोडी वीज पुरते. इथे आरसीसीबी लागतो. 30 मिलिअँपिअरची गळती होताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याला अर्थिंगची जोड हवी आणि त्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहायला हवे. कुलरचा प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचे नाही, हा नियम प्राचार्यांच्या खोलीपासून लागू झाला तरच इमारतभर पाळला जातो. धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीज बंद करावी. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. हे चौकीदारापासून ग्रंथपालापर्यंत निदान चार-पाच जणांना आले पाहिजे.

उन्हाचा त्रास वेगळा. वार्षिक परीक्षांचा हंगाम आणि 42 अंशांच्या वरचा पारा इथे हातात हात घालून येतात. पर्यवेक्षक तीन तास उभा राहतो. बाके हलवणारे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहणारे, बागेत काम करणारे भर दुपारी राबतात. घाम येऊन चक्कर येणे ही सुरुवात असते. बोलणे असंबद्ध होऊ लागले आणि अंग तापले की तो उष्माघात. तेव्हा माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत थंड करायचे आणि त्याच वेळी गाडी बोलवायची. अंगमेहनतीची कामे सकाळी दहाच्या आत उरकणे, पर्यवेक्षकाला आळीपाळीने बसू देणे, वर्गाबाहेर माठ आणि ओआरएस ठेवणे याला फारसा खर्च येत नाही.

पावसाळ्यात गवत कापणाऱ्या माळ्याला साप-विंचवाचा धोका असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्यात वेळ दवडू नये. गमबूट आणि लांब दांड्याचे हत्यार यांनी बरेचसे दंश मुळातच टळतात.

सफाईचे काम सर्वांत दुर्लक्षित. शौचालय चकचकीत व्हावे म्हणून आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकली जाते. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद शौचालयात तो फुप्फुसांना थेट इजा करतो. दोन्ही वस्तू एकाच वेळी कामगाराच्या हाती न देणे हा यावरचा पक्का उपाय. शौचकुपात तर माणसाला उतरवायचेच नाही. 2013च्या कायद्याने सुरक्षेची साधने न देता तसे उतरवणे गुन्हा ठरवले आहे, आणि ऑक्टोबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. ‘ठेकेदाराने उतरवले, आमचा काय संबंध’ असे म्हणून संस्थेला हात झटकता येऊ नयेत. गाडी बोलावून यंत्राने उपसा करण्याचा खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकातच धरलेला असावा.

शिक्षकांचे आजार हळूहळू येतात. आवाज बसणे हा त्यांतला मुख्य. इतर व्यवसायांपेक्षा शिक्षकांत स्वराच्या तक्रारी जास्त आढळतात. वरून फिरणारे पंखे, बाहेरची वाहतूक आणि समोर ऐंशी-शंभर विद्यार्थी असे असले की गळा ताणावाच लागतो. कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक हा ताण उतरवतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. प्रवेशाच्या दिवसांत संगणकावर अर्ज भरणाऱ्या लिपिकांची मान आणि पाठ धरते. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणि पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची एवढ्याने बरेच काम होते. ग्रंथालयात जड ग्रंथ खालच्या फळीवर आणावेत, मांडण्या भिंतीला पक्क्या कराव्यात आणि धूळ झटकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. नोकरीच्या अनिश्चिततेने येणारी निद्रानाशाची आणि रक्तदाबाची दुखणी मात्र खुर्ची बदलून जात नाहीत. अतिथी विद्वानाला पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे वेळेवर कळणे, हाही आरोग्याचाच भाग मानायला हवा.

बरेच कर्मचारी रोज मोटारसायकलने ये-जा करतात. सौंसर–पांढुर्णा मार्गावर मंगळवारी आणि शनिवारी जामसांवलीच्या हनुमान मंदिराला येणाऱ्या भाविकांच्या गाड्यांची भर पडते. या दोन दिवशी हजेरीच्या वेळेत थोडी सवलत दिली तर घाईने गाडी हाकण्याचे कारण उरत नाही. वाटेतल्या अपघाताबद्दल कायदा आता अधिक स्पष्ट आहे. धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003मध्ये पहाटे कामावर जाताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. मुंबई उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये ती पुन्हा मंजूर केली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर घर ते काम हा प्रवासही नोकरीतच धरायचा, असा त्याचा अर्थ.

बाकी कायद्यात मात्र फटी आहेत. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988मध्ये ठरवले की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक ‘कामगार’ बसत नाही. 21 नोव्हेंबर 2025पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतली व्यवसायजन्य सुरक्षेची संहिता 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. सरकारी कार्यालयांना तिच्यातून वगळले असले, तरी तिथे ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांना ती लागू होते. सफाई कामगार आणि चौकीदारांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे.

भरपाई मागायची तर अपघात कामावर झाला हे दाखवावे लागते, आणि तिथेच बहुतेकांचे अडते. त्यासाठी प्रत्येक महाविद्यालयात एक अपघात नोंदवही असावी. तारीख, वेळ, जागा, काय करताना झाले, कोणी पाहिले, कोणते उपचार केले एवढे रकाने पुरतात. थोडक्यात टळलेला अपघातही तिच्यात लिहावा, कारण कुलरचा हलका झटका आज नोंदला गेला तर वायर उद्या बदलता येते. जनभागीदारी समितीच्या प्रत्येक बैठकीत ही वही वाचली जावी आणि दुरुस्तीचा खर्च तिथेच मंजूर व्हावा. नोंदीची सही-शिक्क्याची प्रत जखमी माणसाला त्याच दिवशी मिळावी, मग तो नियमित असो, अतिथी विद्वान असो की ठेकेदाराचा माणूस.