मानाची हांक

एक माणूस दुसऱ्याला कोणत्या शब्दांनीं हांक मारतो, यावरून त्या दोघांमधील नातें चटकन् ओळखतां येतें. मराठींत हें काम सर्वनामें करतात. 'तूं', 'तुम्ही' आणि 'आपण' या तीन पायऱ्यांवर आपण जवळीक, अंतर आणि आदर यांचें माप करीत असतों. 'अरे-तुरे' आणि 'अहो-जाहो' यांतील फरक लहान मुलालाहि निराळा शिकवावा लागत नाहीं. इंग्रजी भाषेंत ही सोय नाहीं. तेथें मालकाला आणि गड्याला सर्वनाम एकच! म्हणून मान दर्शविण्याचा बहुतेक भार नांवाआधीं लागणाऱ्या 'मिस्टर', 'मिसेस', 'मिस' अशा चिमुकल्या उपपदांवर पडतो. अमेरिकेंतील गोरे व कृष्णवर्णीय नागरिक यांच्या संबंधांचा इतिहास या उपपदांच्या अनुरोधानेंहि वाचतां येतो, आणि आज तोच थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

गुलामगिरीच्या काळीं उपपदाचा प्रश्नच नव्हता, कारण नांवाचेंच ठिकाण नव्हतें. १८५० व १८६० सालच्या अमेरिकेच्या खानेसुमारींत गुलामांच्या याद्या निराळ्या केलेल्या आहेत. त्यांत मालकाचें नांव आहे. परंतु त्याखालीं गुलामांची नोंद, थोडे अपवाद सोडले तर, केवळ वय, लिंग आणि वर्ण यांनींच केलेली आहे. १८६० सालीं अशा माणसांची संख्या सुमारें ३९ लाख ५० हजार होती. त्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. म्हणून कुटुंबाचें असें आडनांवहि कायदा ओळखीत नसे. १८६५ सालीं घटनेच्या १३ व्या दुरुस्तीनें गुलामगिरी नष्ट झाली, आणि १८७० च्या खानेसुमारींत या लोकांपैकीं बहुतेकांचीं नांवें देशाच्या शिरगणतींत प्रथमच उमटलीं. कोणीं जुन्या मालकाचें आडनांव कायम ठेविलें, कोणीं नवें निवडलें. पण तें आतां त्यांचें स्वतःचें होतें.

नांव मिळालें, तरी मान मिळाला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील राज्यांनीं शाळा, आगगाड्या, उपाहारगृहें, सर्वत्र वर्णभेदाचे कायदे केले, आणि १८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'वेगळें पण समान' या तत्त्वाखालीं त्यांना मान्यता दिली. कोणीं कोठें बसावें हें कायदा सांगे. कोणीं कसें बोलावें हें मात्र रूढि सांगे, आणि ती कायद्याहूनहि कडक होती. दक्षिणेंतील गोरा मनुष्य कृष्णवर्णीय गृहस्थाला 'मिस्टर' म्हणत नसे. चाळिशी उलटली तरी तो 'बॉय', म्हणजे पोऱ्या. आणि केस पिकले कीं एकदम 'अंकल'! पोऱ्या आणि म्हातारा यांच्यामध्यें माणसाचें जें कर्तेपण असतें, तें त्याच्या वांट्यास कधीं येतच नसे. उलट त्यानें मात्र गोऱ्याच्या वयांत येणाऱ्या मुलालाहि 'मिस्टर' म्हणावें अशी अपेक्षा असे. एखादा कृष्णवर्णीय शिकूनसवरून मोठा झाला, तर गोरे लोक त्याला 'डॉक्टर', 'प्रोफेसर' किंवा 'रेव्हरंड' म्हणून वेळ मारून नेत. यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. पदवी विद्येला मिळते. 'मिस्टर' हें उपपद मात्र कांहींहि न कमावतां, केवळ बरोबरीचा माणूस म्हणून मिळतें. म्हणूनच तें देणें जड जात असे.

आगगाडीच्या शयनडब्यांत प्रवाशांची सेवा करणारे हजारों कृष्णवर्णीय नोकर 'जॉर्ज' या एकाच नांवानें ओळखले जात. त्या डब्यांच्या कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन होता. गुलामाला धन्याच्या नांवानें ओळखावें, तसाच हा प्रकार. या नोकरांनीं १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखालीं संघ स्थापन केला, आणि १९३७ सालीं कंपनीला त्याच्याशीं रीतसर करार करावा लागला.

येथें कोणी म्हणेल, कीं दक्षिणेंतील कित्येक गोऱ्या घरांतून कृष्णवर्णीय दायांनीं मुलें वाढविलीं, त्या मुलांनीं त्यांच्यावर जीव लावला. मग तेथें केवळ द्वेषच होता असें कसें म्हणावें? शंका रास्त आहे, आणि पूर्वग्रहाचें खरें स्वरूप तिच्यामुळेंच उघड होतें. पूर्वग्रह म्हणजे द्वेष अशी आपली समजूत असते. परंतु द्वेष न करतां, किंबहुना माया करूनहि, मनुष्य दुसऱ्याला कमी लेखूं शकतो. त्या घरांत माया असे, मान नसे. दायीला तिच्या पहिल्या नांवानेंच हांक मारीत, आणि तिचें आडनांव काय, हें तिच्या अंगाखांद्यावर खेळलेल्या मुलालाहि पुष्कळदां ठाऊक नसे.

या व्यवस्थेनें गोऱ्यांचेंहि एक मोठें नुकसान केलें. ज्याच्याशीं बरोबरीनें बोलण्याची मुभा नाहीं, तो मनांतलें बोलत नाहीं. धन्याला रुचेल तेवढेंच बोलतो. त्यामुळें 'आमच्याकडचे हे लोक समाधानी आहेत' अशी पुष्कळ गोऱ्यांची प्रामाणिक समजूत होऊन बसली होती.

ती समजूत १९५५ च्या डिसेंबरांत अलाबामा राज्यांतील माँटगोमरी शहरीं ढासळली. बसमधील जागा सोडण्यास नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली, आणि कृष्णवर्णीयांनीं बसगाड्यांवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस टिकला, आणि न्यायालयाच्या निर्णयानें बसमधील वर्णभेद संपला. त्या बहिष्काराच्या आरंभींच्या मागण्यांत पहिली मागणी कोणती होती? बसचालकांनीं आमच्याशीं सभ्यपणें बोलावें, ही! वेगळ्या जागांची पद्धत सर्वस्वीं रद्द करा, असें त्या पहिल्या मागणीपत्रांत म्हटलेलेंहि नव्हतें. लोकांच्या मनांत काय सलत होतें, तें यावरून कळतें.

त्याच राज्यांत १९६३ च्या जूनमध्यें गॅड्सडेन येथील न्यायालयांत मेरी हॅमिल्टन या तरुण कार्यकर्तीची साक्ष चालली होती. दक्षिणेंतील न्यायालयांत गोऱ्या साक्षीदारांना उपपद लावीत. कृष्णवर्णीयांना नुसत्या नांवानें पुकारीत. सरकारी वकिलानें 'मेरी' म्हणून प्रश्न विचारतांच, 'मिस हॅमिल्टन' असें योग्य संबोधन केल्यावांचून उत्तर देणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. न्यायाधीशानें उत्तर देण्याची आज्ञा केली. त्या बधल्या नाहींत. न्यायालयाच्या अवमानाबद्दल ५ दिवसांचा कारावास आणि ५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेंहि ती कायम केली. अखेर १९६४ च्या मार्चमध्यें देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द ठरविली. एका दोन अक्षरी उपपदासाठीं हा तंटा देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावा, यावरूनच त्या उपपदाचें मोल समजावें.

१९६८ सालीं मेम्फिस शहरांत कचरागाडीच्या यंत्रांत चिरडून दोन सफाई कामगार मरण पावले, आणि सुमारें १३०० कामगारांनीं संप पुकारला. त्यांच्या हातांतील फलकांवर 'मी माणूस आहें' एवढेंच लिहिलेलें होतें. इंग्रजी शब्दाचे येथें दोन अर्थ आहेत: मी मनुष्य आहें, आणि मी पोऱ्या नव्हे, कर्ता पुरुष आहें. या संपाला पाठिंबा देण्यासाठीं आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल रोजीं त्याच शहरीं गोळीला बळी पडले. १६ एप्रिल रोजीं नगरपालिकेनें कामगारांची संघटना मान्य केली.

१९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें आणि १९६५ च्या मतदानहक्काच्या कायद्यानें उघड भेद बेकायदा ठरला. पण जिभेचें वळण कायद्यानें एका दिवसांत बदलत नाहीं. स्टॅन्फर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहरच्या पोलिसांचे, वाहनें थांबवितांनाचे ९८१ प्रसंगांतील संवाद तपासले. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत असें आढळलें, कीं गोऱ्या वाहनचालकांशीं पोलीस अधिक आदरानें बोलत, कृष्णवर्णीयांशीं कमी. आणि पोलिसाचा स्वतःचा वर्ण, गुन्ह्याचें स्वरूप इत्यादि गोष्टी हिशेबांत धरल्या तरी हा फरक उरत होता. म्हणजे एखाद्याच दुष्ट माणसाला दोष देऊन येथें भागत नाहीं. संवय साऱ्या व्यवस्थेंत मुरलेली असते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, कृष्णवर्णीयांना दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं कृष्णवर्णीयांचे विद्वान् नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या व त्यांच्या स्थितींतील साम्य दाखविलें. पांढऱ्या केसांच्या वृद्धाला त्याच्या जातीमुळें पोरासोरांनीं 'अरे' म्हणावें, आणि त्यानें 'जोहार' करावा, हें आपल्या गांवांनींहि पाहिलें आहे. म्हणून मेरी हॅमिल्टन यांचा हट्ट समजावयास मराठी माणसाला भाष्याची जरूर नाहीं.

परस्परांविषयीं आदर वाढावा असें सर्वच म्हणतात. पण 'परस्पर' या शब्दाचा अर्थ असा, कीं हांक दोन्ही बाजूंनीं एकाच पायरीवरून गेली पाहिजे. वरच्या पायरीवरून खालीं येतें ती फार तर दया. ती स्वीकारणारा कृतज्ञ होईल, मोकळा होणार नाहीं. मित्राला आपण 'अरे' म्हणतों आणि तोहि आपल्याला 'अरे' म्हणतो. तेथें अपमान नाहीं, कारण ती मुभा दोघांनाहि आहे. ज्याला आपण 'अरे' म्हणतों, त्यानें उलट तसेंच म्हटलेलें आपल्याला चालेल काय, एवढा एकच प्रश्न प्रत्येकानें स्वतःला विचारावा. त्याचें उत्तर 'नाहीं' असें आलें, तर सुधारणेचा आरंभ आपल्याच जिभेपासून करावयास हवा.