"हा आपला विषय नाही" असे म्हणू नका



अकरावीचे विषय निवडण्याचे दिवस आले, की अशोका गार्डनच्या आमच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येते : "सर, विज्ञान याचा विषयच नाही." त्यावर आम्ही एक हकीकत सांगतो.

विश्वात दिसणाऱ्या पदार्थाच्या सुमारे पाचपट न दिसणारा पदार्थ आहे. त्याला कृष्ण पदार्थ किंवा डार्क मॅटर म्हणतात. न दिसणाऱ्याचा नकाशा काढायचा कसा? काचेच्या पेल्याच्या तळातून वर्तमानपत्र पाहा. अक्षरे वाकडी दिसतात. तसाच दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश कृष्ण पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाने वळतो व त्यांचे आकार किंचित ताणलेले दिसतात. हा ताण इतका सूक्ष्म असतो, की हजारो दीर्घिका मोजून सरासरी काढावी लागते. त्यात दुर्बिणीतले चित्रही धूसर असते.

मोजण्याची पद्धत सुधारावी म्हणून 2011 साली नासा व ब्रिटनची रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांच्या पाठिंब्याने 'कॅगल' या संकेतस्थळावर स्पर्धा झाली. ती सर्वांना खुली होती. सरावासाठी 40,000 चित्रे उत्तरांसह दिली होती. आणखी 60,000 चित्रांची उत्तरे स्पर्धकांनी काढायची होती. आठवडाही झाला नव्हता, तोच प्रचलित पद्धतींना मागे टाकणारे उत्तर आले. ते पाठवणारा मार्टिन ओ'लिअरी हा हिमनद्यांचा अभ्यास करणारा विद्यार्थी होता! शेवटी पहिला क्रमांक डेव्हिड कर्कबी हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक व त्यांचा विद्यार्थी डॅनियल मार्गाला यांनी मिळवला. म्हणजे जाणकारांचे महत्त्व कमी झाले नाही; दार मात्र सर्वांसाठी उघडे राहिले.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. पुढे पुण्याच्या 'आयुका' संस्थेत रुजू झालेल्या डॉ. अनुप्रीता मोरे 2013 साली सुरू झालेल्या 'स्पेस वॉर्प्स' उपक्रमाच्या प्रमुखांपैकी एक. ही स्पर्धा नव्हती. पण सुमारे 37,000 सामान्य लोकांनी घरबसल्या छायाचित्रे तपासली आणि प्रकाश वाकवणाऱ्या दीर्घिकांची 29 नवी संभाव्य ठिकाणे सापडली.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमाचे पदवीधर. इंग्रजी पुस्तके आपली नव्हेत, असे समजून कित्येक वर्षे त्यांना हात लावला नाही. ती चूक मुलांनी करू नये. विश्वस्तांना विनंती, की शनिवारी संगणक कक्ष सर्व शाखांच्या मुलांसाठी खुला ठेवावा. पालकांनी शाखा जरूर निवडावी, पण मुलांच्या कुतूहलाला कुंपण घालू नये.

आपला,
प्राचार्य