पारा २ अंशांवर, मग दव गोठले कसे?

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात थंडीचा मोठा कडाका पडला होता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किमान तापमान २ अंश सेल्सियसच्या आसपास उतरले होते. आपल्याकडे अशी थंडी रोजची नाही, पण अगदीच अपूर्वही नाही. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे आणि समुद्रकाठच्या मुंबईतही १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंशांची नोंद झाली होती.

अशा पहाटे मळ्यातल्या वस्तीवर एक गमतीची गोष्ट दिसते. बांधावरच्या गवतावर, गाडीच्या टपावर, अंगणात उघड्या राहिलेल्या परातीतल्या पाण्यावर बर्फाची पातळ पापडी धरलेली असते. विद्यार्थी साहजिकच विचारतात, "पाणी तर शून्य अंशाला गोठते. मग पारा २ अंशांवर असताना दव गोठले कसे?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर नीट समजले तर दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने थंडीच्या रात्री काय करावे, काय करू नये, हेही समजते.

पारा नेमके काय मोजतो?

हवामान केंद्रातील तापमापक जमिनीवर ठेवलेला नसतो. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या भिंती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत तो ठेवतात. पेटीला छप्पर असते, त्यामुळे तापमापकावर ऊनही पडत नाही आणि त्याला उघडे आकाशही दिसत नाही. म्हणजे आपण वर्तमानपत्रात वाचतो ते त्या उंचीवरच्या हवेचे तापमान असते. गवताच्या पात्याचे किंवा पालकाच्या पानाचे ते तापमान नव्हे.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. दिवसा सूर्याकडून येणारी उष्णता त्याहून जास्त असते. रात्री ही आवक बंद होते, खर्च मात्र चालूच राहतो. आकाशात ढग असले किंवा हवेत भरपूर बाष्प असले तर ते यातली बरीच उष्णता शोषून पुन्हा खाली पाठवतात. उत्तरेकडून कोरडे वारे येऊन गेलेले, आभाळ निरभ्र आणि हवा स्तब्ध, अशी रात्र असली की परतफेड फारच कमी होते. पातळ पानाजवळ उष्णतेचा साठा तो किती असणार? ते भोवतालच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी थंड होऊ शकते. हवा २ अंशांवर असताना पान शून्याखाली जाते ते असे. मग पानावरचे दव गोठते, किंवा हवेतले बाष्प थेट बर्फाच्या कणांच्या रूपानेच पानावर जमते.

ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वीपासून ठाऊक होती. यंत्रे नसतानाच्या काळात अलाहाबादला बर्फ कसा करीत, याचे वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केले होते. उथळ खड्ड्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरायची, त्यावर मातीच्या उथळ ताटल्या मांडायच्या आणि संध्याकाळी त्यांत पाणी ओतायचे. सूर्योदयापूर्वी ताटल्यांत बर्फ तयार! खालच्या ताटांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे, सच्छिद्र मातीतून थोडे बाष्पीभवन होई आणि वरचे आकाश उष्णता ओढून नेई.

एका रुमालाचा प्रयोग

दवाचे हे कोडे पद्धतशीरपणे उलगडले ते विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील डॉक्टरांनी. १८१४ मध्ये त्यांनी दवावर आपला निबंध प्रसिद्ध केला. नाजूक झाडांवर रात्री चटया घालणाऱ्या माळ्यांना वेल्स आधी हसत असत. पातळ चटईने आतली हवा बाहेरच्या हवेइतकी थंड होण्याचे कसे थांबणार, असे त्यांना वाटे. मग त्यांनी हिरवळीवर दोन फूट बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांत चार काटक्या रोवल्या आणि गवतापासून सहा इंच उंचीवर एक तलम रुमाल ताणून बसवला. रुमालाला बाजू नव्हत्या, हवा खेळती होती. तरीही निरभ्र रात्री रुमालाखालचे गवत उघड्या गवतापेक्षा कितीतरी अंशांनी उबदार राहिले. रुमालाने हवा अडवली नव्हती, त्याने गवताला दिसणारे थंड आकाश झाकले होते.

कांद्याच्या किंवा टोमॅटोच्या रोपवाटिकेवर जुनी लुगडी, गोणपाट अंथरणारी शेतकरी बाई हाच प्रयोग दरवर्षी करीत असते. फक्त दोन गोष्टी तिला सांगण्यासारख्या आहेत. आच्छादन पानांना टेकू देऊ नये, कारण ते स्वतः थंड होते आणि टेकलेल्या पानाची उष्णता काढून घेते. चार काड्यांवर ते थोडे उंच धरावे आणि कडा जमिनीपर्यंत आणाव्यात, म्हणजे जमिनीतून वर येणारी ऊब आत राहते. सकाळी ऊन आल्यावर ते काढून ठेवावे, नाहीतर दुसऱ्या रात्रीसाठी जमीन तापणार नाही.

थंड हवा पाण्यासारखी वाहते

निरभ्र रात्री जमीन आधी थंड होते, मग तिला लागून असलेला हवेचा थर. थंड हवा जड असते, त्यामुळे ती खालीच राहते आणि १०-१५ मीटर उंचीवरची हवा तिच्यापेक्षा उबदार असते. एरवी वर जावे तसे तापमान घटते. इथे उलटे होते. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. उतारावर ही जड हवा पाण्यासारखी खाली ओघळते आणि खोलगट भागात साठते. म्हणूनच महाबळेश्वरात गोठलेल्या दवाची बातमी येते ती बहुधा वेण्णा तलावाच्या सखल परिसरातून. एकाच शेतकऱ्याच्या माळावरच्या तुकड्यात काही न होता ओढ्याकाठच्या तुकड्यात पाने करपतात, त्याचेही कारण हेच.

करपतात म्हणजे काय होते? बर्फ बहुधा प्रथम पेशींच्या बाहेर, त्यांच्या मधल्या जागेत तयार होतो. तो पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसतात, त्यांची आवरणे फाटतात आणि ऊन पडल्यावर पान उकडल्यासारखे लोंबते. हरभऱ्याचा फुलोरा, टोमॅटो, वेलवर्गीय भाज्या यांना हा तडाखा लवकर बसतो. गव्हाला मात्र थंडी मानवते. एकाच रात्री एका वाफ्यात नुकसान आणि शेजारच्या वाफ्यात लाभ, असा हा हिशेब आहे.

द्राक्षाचे दुखणे थोडे वेगळे. १० अंशांखाली वेलीची वाढ जवळजवळ थांबते, मणी फुगत नाहीत. ऑक्टोबरमधल्या छाटणीनंतर घातलेला सगळा खर्च डिसेंबर-जानेवारीत वेलीवर टांगलेला असतो. साखर भरू लागलेल्या मण्यात या दिवसांत पाणी जास्त गेले तर मणी तडकतात. त्यामुळे बागाईतदार रात्र रात्र बागेत जागतो, त्यात नवल नाही.

शेकोटी : धूर की उष्णता?

बागेत पहाटे शेकोट्या पेटवण्याची पद्धत आहे. पुष्कळांची समजूत अशी की धुराचा थर गोधडीसारखा वर पसरतो आणि उष्णता अडवतो. म्हणून मुद्दाम ओला पालापाचोळा जाळून धूर करतात. विज्ञान काय सांगते? धुराचे कण बहुतेक एक मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात. जमिनीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. इतके बारीक कण या किरणांना फारसे अडवू शकत नाहीत. उलट सकाळी हाच धूर ऊन अडवतो आणि बाग तापायला उशीर लावतो. शेकोटीचा उपयोग होतो तो तिच्या उष्णतेचा, आणि तिच्यामुळे वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळते त्याचा.

आता थोडे गणित करू या. निरभ्र, कोरड्या रात्री जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ८० वॅट या दराने उष्णता आकाशात जाते असे धरू. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. म्हणजे एकराचा खर्च झाला ३२० किलोवॅट. तासाला साडेअकरा लाख किलोजूल. एक किलो वाळलेले लाकूड सुमारे १५,००० किलोजूल उष्णता देते. तेव्हा एकराला तासाला पाऊणशे किलो लाकूड लागेल, आणि तेही सगळी उष्णता बागेतच राहिली तर! यातली काही भरपाई जमीन स्वतःच करते हे खरे. पण शेकोटीची बरीच उष्णता वर निघून जाते हेही खरे. एकच मोठा जाळ केला तर तापलेली हवा उबदार थर भेदून वर जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. म्हणून कोरड्या लाकडाच्या लहान लहान शेकोट्या, जास्त जागी, हा मार्ग बरा.

विहिरीचे पाणी

विहिरीचे पाणी थंडीतही २४-२५ अंशांचे असते. पहाटे विहिरीवर वाफ दिसते ती यामुळेच. एक लिटर पाणी २० अंशांनी थंड होताना ८४ किलोजूल उष्णता देते. वरचा साडेअकरा लाख किलोजूलचा खर्च भागवायला तासाला सुमारे १४ हजार लिटर पाणी लागेल. पाच अश्वशक्तीच्या पंपाला, विहीर फार खोल नसेल तर, हे अशक्य नाही. शिवाय ओली जमीन कोरड्या भुसभुशीत जमिनीपेक्षा उष्णता जास्त साठवते आणि खालची ऊब वर लवकर आणते. म्हणून थंडीची लाट येणार असे कळले की आदल्या दिवशीच हलके पाणी देऊन ठेवणे शहाणपणाचे. वीज रात्रीच्या पाळीत नसेल तरीही हे जमते. मात्र साखर भरत आलेल्या द्राक्षाला पाणी देताना हात आखडता ठेवायला हवा, कारण तडकण्याची भीती आहेच.

तुषार सिंचनाबाबत एक इशारा द्यायला हवा. पानावर पडलेले एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ जूल उष्णता देते, त्यामुळे सतत तुषार चालू ठेवले तर पान शून्याच्या आसपासच राहते. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,५०० जूल, म्हणजे साडेसातपट उष्णता खर्च होते. पाणी अपुरे पडले किंवा वीज मध्येच गेली तर ओले पान कोरड्या पानापेक्षाही थंड होते. रात्रभर विजेची खात्री नसेल तर या वाटेला न गेलेले बरे.

गोठा, खुराडे आणि घर

जनावरांच्या बाबतीतही हाच हिशेब. कोंबडी पिसे फुलवून बसते, म्हणजे पिसांमध्ये हवा कोंडून ठेवते. स्तब्ध हवा उष्णतेची वाहक नाही. पण पिसे किंवा अंगावरचे केस भिजले की हे पांघरूण जाते. म्हणून गोठ्यात कोरड्या पाचटाचा किंवा भुश्शाचा जाड थर, वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचे पडदे आणि वासराच्या अंगावर बारदान, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. जनावरांना चारा थोडा जास्त घालावा, कारण अंगातली शेगडी चाऱ्यावरच चालते. कोंबड्यांच्या लहान पिलांना मात्र स्वतःची ऊब पुरत नाही, त्यांना दिव्याची उष्णता द्यावीच लागते. पडदे लावताना छपराजवळची फट मोकळी ठेवावी, म्हणजे दमट हवा आणि मूत्राचा अमोनिया बाहेर जाईल.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट घराची. थंडी असह्य झाली की घमेल्यात निखारे घालून ते खोलीत घेतात आणि दारे-खिडक्या बंद करून झोपतात. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. थंडीच्या लाटेत अशी सगळी कुटुंबे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. बागेचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघू शकते, हे नुकसान कधीच भरून निघत नाही. शेकायचे ते अंगणात शेकावे आणि निखारे बाहेर ठेवूनच झोपायला जावे. हे एक वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन सांगितले तरी या विषयाचा तास सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.

वर्गासाठी

वेल्स यांचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. चार काड्या, एक रुमाल आणि दोन साधे तापमापक पुरेत. निरभ्र रात्री एक तापमापक उघड्या गवतावर आणि एक रुमालाखाली ठेवा. पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी दोन्हींची नोंद घ्या. ढगाळ रात्री पुन्हा करा आणि फरक किती उरतो ते पहा. जमल्यास तिसरा तापमापक सव्वा मीटर उंचीवर छपराखाली टांगा आणि त्याची नोंद दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील आकड्याशी ताडून पहा. भारतीय हवामान खाते मैदानी प्रदेशात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेले की थंडीची लाट मानते. तुमच्या गवतावरचा पारा त्या वेळी कुठे असेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी करू द्या आणि मग मोजू द्या.