अनोळखी आयसीची ओळख : सिंचन नियंत्रकाच्या दुरुस्तीतील कळीचा टप्पा

ऐन उन्हाळ्यात, केळीचे घड भरण्याच्या काळात ठिबक संचाचा स्वयंचलित नियंत्रक बंद पडतो. पडद्यावर वेळ दिसते, बटणे चालतात. मात्र एकही व्हॉल्व्ह उघडत नाही. पेटी उघडल्यावर सर्किट बोर्डावरील एक आयसी तडकलेला आढळतो आणि त्यावरील क्रमांक उत्पादकाने आधीच घासून काढलेला असतो. ‘नंबर नाही, पूर्ण बोर्ड बदला’ असा सल्ला मिळतो. नवा बोर्ड येईपर्यंत बागेला पाण्याचा ताण बसतो. नाशिकची द्राक्षबाग असो वा बुऱ्हाणपूरची केळीबाग, ही अडचण सारखीच. वास्तविक असा निकामी भाग पुष्कळदा अल्प किमतीचा आणि सहज मिळणारा असतो. त्याची ओळख तेवढी पटवावी लागते.

प्रथम सुरक्षितता

पंपाच्या पेटीत ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा असतो. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढल्याखेरीज पेटीत हात घालू नये. सौर पंपात ऊन असेपर्यंत पॅनेलमधून वीज येतच राहते, म्हणून पॅनेलकडील स्विचही बंद करावा. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरल्याची खात्री मल्टिमीटरने करावी. योजनेतून मिळालेला पंप पुरवठादाराच्या देखभाल मुदतीत असल्यास पेटी न उघडता तक्रार नोंदवावी.

पुसट अक्षरांचे वाचन

आयसोप्रोपिल अल्कोहोलने आयसी पुसून बाजूने तिरपा प्रकाश टाकावा. खडूची पूड हलकेच चोळल्यास कोरलेली अक्षरे उठून दिसतात. मोबाईलने छायाचित्र घेऊन ते मोठे करून पाहावे.

‘एलएम ३५८ एन’ यासारख्या क्रमांकात आरंभीची अक्षरे उत्पादक किंवा कुळ सुचवतात, मधला अंक मूळ प्रकार सांगतो आणि शेवटचे अक्षर बहुधा बाह्य आवरण दर्शवते. ‘१८३४’ असा सुटा चार अंकी आकडा अनेकदा निर्मितीचा काळ असतो : २०१८ मधील ३४ वा आठवडा. त्यालाच आयसीचा क्रमांक समजण्याची चूक नेहमी होते.

अक्षरे नसल्यास बोर्ड वाचावा

आयसीची खाच वर धरल्यास डावीकडील सर्वांत वरची पिन पहिली होय. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पिना मोजाव्यात. त्यानंतर पिनांची संख्या, भूमी (ग्राउंड) व पुरवठा यांच्या पिना आणि शेजारचे घटक यांची नोंद करावी. आठ पिनांच्या आयसीजवळ ३२,७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल व नाण्याच्या आकाराची बॅटरी असेल, तर तो बहुधा वेळ राखणारा आयसी असतो. आठ पिनांपैकी ६ व ७ क्रमांकाच्या पिना संवेदकाच्या दोन तारांकडे जात असतील, तर आरएस-४८५ संदेशवहनाचा आयसी असण्याचा संभव मोठा.

आता आपल्या नियंत्रकाकडे वळू. तडकलेल्या आयसीला १६ पिना आहेत. पाच रिले आहेत. चार व्हॉल्व्हसाठी आणि एक पंपासाठी. मल्टिमीटरने तांब्याच्या रेघा तपासता पुढील गोष्टी आढळतात :

• ८ वी पिन भूमीला जोडलेली आहे.
• १ ते ५ या पिना मायक्रोकंट्रोलरकडे जातात.
• त्यांच्या समोरच्या १६ ते १२ या पिना रिलेच्या कॉइलकडे जातात.
• ९ वी पिन रिलेच्या १२ व्होल्ट पुरवठ्याला जोडलेली आहे.

सोळा पिनांच्या बहुसंख्य डिजिटल आयसींमध्ये पुरवठा १६ व्या पिनेवर असतो. येथे तो ९ व्या पिनेवर आहे. कॉइल बंद होताना उसळणारा विद्युतदाब वळवणारे डायोड याच पिनेला जोडलेले असतात. ही मांडणी यूएलएन २००३ या सात वाहिन्यांच्या रिले-चालक आयसीची आहे. मायक्रोकंट्रोलर ५ व्होल्टवर चालत असल्याने २००३ हाच प्रकार घ्यावा. पिनांची मांडणी तीच असलेला २००४ हा ६ ते १५ व्होल्टच्या संकेतासाठी असतो.

बदलण्यापूर्वी खातरजमा

अनुमान कितीही पटणारे असले, तरी पडताळणी हवीच. जुना आयसी काढून तेथे सॉकेट बसवावे. प्रत्येक रिलेच्या कॉइलचा रोध मोजावा. १२ व्होल्टच्या लहान रिलेत तो सामान्यतः काही शे ओहम असतो. एखादा रोध शून्याजवळ आल्यास ती कॉइल शॉर्ट झालेली आहे. आयसी जळण्याचे कारणही तेच असू शकते. असा रिले आधी बदलावा, अन्यथा नवा आयसीही जळेल.

त्यानंतर पंपाच्या व व्हॉल्व्हच्या तारा सोडवून बोर्डाला केवळ १२ व्होल्टचा पुरवठा द्यावा. सॉकेटमधील १६ वे छिद्र तारेने क्षणभर ८ व्या छिद्राशी जोडावे. रिलेचा ‘टक्‌’ असा आवाज आला, तर अनुमान पक्के झाले. आता नियंत्रकावरून तोच व्हॉल्व्ह उघडण्याची आज्ञा द्यावी. पहिल्या छिद्रावर सुमारे ५ व्होल्ट मिळाल्यास मायक्रोकंट्रोलरचा संकेत शाबूत आहे. दोन्ही चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तरच पुरवठा बंद करून नवा आयसी खाचेची दिशा पाहून बसवावा.

कोठे थांबावे?

निकामी भाग मायक्रोकंट्रोलर असेल, तर त्याचे नाव कळूनही उपयोग मर्यादित असतो. त्यातील आज्ञावली उत्पादकाकडेच असते. कोरा आयसी बसवून नियंत्रक चालू होत नाही. तेथे उत्पादकाकडे जाणे किंवा बोर्ड बदलणे हाच मार्ग उरतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील देखभाल मुदत संपलेल्या नियंत्रकांची यादी करावी. ते सुस्थितीत असतानाच बोर्डांची दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे आणि वाचता येणारे आयसी क्रमांक नोंदवून ठेवावेत. एका शेतातील बोर्डावर पुसला गेलेला क्रमांक त्याच बनावटीच्या दुसऱ्या शेतातील बोर्डावर शाबूत सापडू शकतो. पाण्याची पाळी चुकण्यापूर्वी केलेली ही नोंद दुरुस्तीचे दिवस वाचवील.