वेल्समधील रग्बी

वेल्स ह्या देशाचा राष्ट्रीय खेळ मानला जाणारा सांघिक मैदानी खेळ. प्रत्येकी पंधरा खेळाडूंच्या दोन संघांत लंबगोल चेंडूने खेळला जाणारा हा खेळ इंग्लंडमधील खाजगी निवासी शाळांतून प्रसृत झाला. दक्षिण इंग्लंडमध्ये तो दीर्घकाळ बहुतांशी सुशिक्षित वर्गापुरता राहिला; वेल्समध्ये मात्र तो कामगारवस्त्यांत रुजला.

नीथ येथे १८७१ मध्ये क्लब स्थापन झाला व तेथेच १८८१ मध्ये वेल्श रग्बी यूनियन ही मध्यवर्ती संघटना अस्तित्वात आली. ह्याच काळात दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणींभोवती नवी गावे वसत होती. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या मजुरांना ‘आपले गाव’ ही जाणीव चॅपल, कामगार संघटना, गायनवृंद व रग्बी क्लब ह्यांनी दिली. चॅपलचे धर्मोपदेशक ह्या खेळाकडे संशयाने पाहत. १९०४-०५ च्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत काही क्लब बंदही पडले.

खेळाडूने मोबदला घेऊ नये, हा हौशी खेळाचा नियम मजुरी बुडवून खेळणाऱ्यांना जाचक होता. आर्थर गूल्ड ह्या कर्णधाराला १८९७ मध्ये लोकवर्गणीतून घर भेट देण्यात आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाशी वाद होऊन वेल्स वर्षभर मंडळाबाहेर राहिले. १९२० नंतरच्या मंदीत अनेक खेळाडू उत्तर इंग्लंडमधील व्यावसायिक ‘रग्बी लीग’ मध्ये गेले. त्यांना मूळ खेळाची दारे कायमची बंद होत.

कार्डिफ येथे १६ डिसेंबर १९०५ रोजी वेल्सने न्यूझीलंडचा ३–० असा पराभव केला. पाहुण्या संघाच्या ‘हाका’ नृत्याला वेल्सच्या खेळाडूंनी व प्रेक्षकांनी वेल्श भाषेतील राष्ट्रगीत गाऊन उत्तर दिले. स्वतःचे सार्वभौम राज्य नसलेल्या ह्या लोकांना राष्ट्र म्हणून एकत्र येण्याचे स्थान मैदानावर लाभले. स्त्रियांचा राष्ट्रीय संघ १९८७ मध्ये पाँटिपूल येथे प्रथम खेळला.

१९८४-८५ च्या संपानंतर खाणी झपाट्याने बंद झाल्या. खाण गेली, चॅपल ओस पडले, तरी अनेक गावांत क्लब टिकून राहिला. त्याच्या इमारतीत विवाहाचे भोजन, अंत्यविधीनंतरचा मेळावा, गायनवृंदाचा सराव असे कार्यक्रम होतात. मुलांना शिकविणे, मैदानाची निगा राखणे इ. कामे गावकरी विनावेतन करतात. १९९५ मध्ये खेळ व्यावसायिक झाला व २००३ मध्ये वरिष्ठ पातळीवर क्लबांऐवजी पाच प्रादेशिक संघ आले. त्यांपैकी एक वर्षभरातच विसर्जित झाला. गावाच्या क्लबातून राष्ट्रीय संघाकडे जाणारी वाट त्यामुळे लांबली आणि प्रदेशाविषयी क्लबाइतका जिव्हाळा निर्माण करणे कठीण ठरले. राष्ट्रीय सामन्यास हजारोंची गर्दी होते. परंतु तिचे मूळ गावच्या मैदानावरील विनावेतन श्रमांत आहे, आणि ते श्रम करणारी माणसे मिळत राहण्यावरच ह्या खेळाचे राष्ट्रीयत्व अवलंबून आहे.