कोडिंगसाठी छोटा सर्व्हर : पैसा नेमका कुठे घालावा?

दुबलगुंडी (ता. हुमनाबाद) : भालकी, बीदर, कलबुर्गीला इंजिनिअरिंग शिकणारी आपल्या भागातली मुलं सुट्टीत प्रोजेक्टचं काम गावातूनच करतात. पण चौघांचा कोड चार लॅपटॉपवर विखुरलेला असतो. एक लॅपटॉप बिघडला की वर्षभराची मेहनत गेली. वर्गणी काढून एक छोटा डेव्हलपमेंट सर्व्हर घेणं हा यावरचा उपाय. त्यासाठी नवं, महागडं मशीन लागत नाही.

मशीन : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. त्यामुळे ऑफिसातून निघालेले असे डेस्कटॉप जुन्या बाजारात येतात. लिनक्सवर ते चांगले चालतात. प्रोसेसरवर वाचलेला पैसा रॅम आणि नव्या एसएसडीवर घाला. चौघांना ८ जीबी रॅम पुरते. डॉकर वापरायचं असेल तर १६ जीबी बरी.

वीज : सर्व्हर रात्रंदिवस चालू राहतो. सरासरी ३० वॅट खाणारं मशीन ३० दिवसांत २१.६ युनिट जाळतं, १०० वॅटचं ७२ युनिट. म्हणून गेमिंग पीसी नको.

यूपीएस मात्र हवाच. डेटाबेसमध्ये नोंद होत असतानाच लाईट गेली तर फाईल खराब होऊ शकते. यूएसबीची सोय असलेला यूपीएस घेतला तर बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद करता येतो.

सॉफ्टवेअर : इथं एक रुपयाही लागत नाही. डेबियन किंवा उबुंटू एलटीएस घ्या. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मॉनिटर, डेस्कटॉप स्क्रीन काही नको. लॅपटॉपवरून एसएसएचनं काम होतं. कोडसाठी गिट, डेटाबेससाठी पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी. आपल्याकडे नावं मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही लिपींत येतात, तेव्हा डेटाबेस पहिल्यापासून युनिकोडमध्येच ठेवा. मारियाडीबीत त्यासाठी 'यूटीएफ८एमबी४' निवडायचं.

बॅकअप : त्याच डिस्कवरची दुसरी कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. बाहेरच्या डिस्कवर रोज कॉपी घ्या, ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा आणि आठवड्याला एक कॉपी दुसऱ्याच्या घरी ठेवा. महिन्यातून एकदा त्यातून फाईल परत उघडून बघा. उघडली, तरच तो बॅकअप.

बजेट कमी पडलं तर जुनं मशीन आणखी जुनं घ्या. यूपीएस आणि बॅकअपची डिस्क मात्र कापू नका.