थोरली पाती, धाकटी पाती

पुण्यामुंबईच्या मंगल कार्यालयांतून भरणाऱ्या कुलसंमेलनांचे वारे गेल्या काही वर्षांत गोदावरी ओलांडून कयाधूच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे, आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त होऊन जन्मास आलेल्या हिंगोली जिल्ह्यातही एकाच आडनावाची, एकाच मूळगावाची आणि एकाच कुलदैवताची माणसे वर्षातून एक दिवस एकत्र जमू लागली आहेत. या मेळाव्यांचा थाट आता ठरून गेला आहे : एका रंगाचे सदरे, कमानीवर मूळपुरुषाचे बहुधा कल्पनेनेच काढविलेले चित्र, ज्येष्ठांस शाल-श्रीफळ, गुणवंत विद्यार्थ्यांस पेला, पंगत आणि सामूहिक छायाचित्र. पहिल्या वर्षी मांडव अपुरा पडतो, दुसऱ्या वर्षी तो पुरतो आणि तिसऱ्या वर्षी मांडव घालण्याची गरजच पुष्कळदा उरत नाही. संमेलनाचा हेतू स्नेहवर्धन हा असल्याचे निमंत्रणपत्रिकेत छापलेले असते. परंतु आपल्या पूर्वजांचा स्नेहावर एवढा भरवसा नव्हता. ते भावकीला बोलावीत ते काहीतरी काम काढून, आणि त्या कामातूनच जो कागद व जो रिवाज मागे राहिला, त्यालाच आज आपण वारसा म्हणून कवटाळू पाहत आहोत.

वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. मूळपुरुष कोण, त्यास पुत्र किती, पैकी थोरला कोणत्या गावी राहिला, मधला कोणत्या दुष्काळात परागंदा झाला, धाकट्याची पाती पुढे कशी विस्तारली, हा सारा मजकूर त्यात येई आणि तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी गोत, म्हणजे भाऊबंदांची व गावकऱ्यांची सभा, बसे. निवाड्याचा जो महजर होई त्यावर हजर असलेल्या प्रत्येकाची साक्ष पडे; लिहिता न येणाऱ्याने आपल्या धंद्याची निशाणी करावी, कुणब्याने नांगर काढावा, असा प्रघात होता. डॉ. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात अशा महजरांचा जो अभ्यास केला आहे, तो न्यायशास्त्राच्या जिज्ञासूंइतकाच घराण्यांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यांनीही चाळावयास हवा. कारण त्यावरून ध्यानात येते की भांडण हेच आपल्याकडे कुलवृत्तांताचे पहिले साधन होते. ज्या घरात कधी तंटाच झाला नाही, त्या घराची वंशावळ सापडणे दुरापास्त.

कोकणातील चित्पावन घराण्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून छापील कुलवृत्तांतांची मोठी परंपरा निर्माण केली. त्यांतील पिढ्यांचे क्रमांक आणि शाखांचे तक्ते पाहून मन थक्क होते. गोविंद सखाराम सरदेसायांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी एकत्र करून अभ्यासकांवर उपकार केले, ते वेगळेच. निजामाच्या मुलुखात मात्र त्या मानाने हा उद्योग फारसा झाला नाही. याचा दोष आळसाला देण्याची लोकांस सवय आहे. पण येथील कागद किती लिप्यांत आणि किती भाषांत विखुरला होता, हे पाहिले म्हणजे तो दोष थोडा सौम्य होतो. गावपातळीवरचा व्यवहार मोडीत, दरबारचा फारसीत, आणि १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतल्यावर महसुली कारभार उर्दूत, अशा तीन थरांत एकाच घराण्याची नोंद पसरलेली असते. त्यात पुन्हा कालगणना फसली. आजूर, दै, बहमन असे इराणी महिने आणि १३५८ असा सन वाचून नातवंडांना आपला पणजोबा चौदाव्या शतकात होऊन गेल्याचा भास होतो; वस्तुतः त्या सनात ५९० मिळवावेत, आणि आजूर ऑक्टोबरात लागत असल्यामुळे जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१, म्हणजे आपण थेट हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाच्या सुमारास येऊन उभे राहतो. ज्यांच्या माळवदाच्या घरात अजून जुन्या कागदांचा एखादा रुमाल बांधलेला आहे, त्यांनी तो पूजेत ठेवण्यापेक्षा मोडी जाणणाऱ्यास आणि जुनी उर्दू वाचणाऱ्यास एकाच बैठकीत दाखवावा. मराठवाड्याच्या गावोगावी असे उर्दू वाचणारे वयोवृद्ध शिक्षक अद्याप भेटतात.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपल्यानंतर ही सारी चौकट उलथली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५४ च्या कायद्याने इनामे गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद गेले. आणि वतनाबरोबर वतनाची तक्षीम, म्हणजे हिस्सेवाटणीही, गेल्यामुळे थोरल्या पातीने धाकट्या पातीला बोलावून घ्यावे असे कारणच उरले नाही. हे बदल न्याय्य होते. त्या वतनांखाली राबणाऱ्यांना विचारले तर ते उशिरा झाले असेच कोणीही सांगेल. पण वतन गेले, तसे भावकीचे वार्षिक काम गेले. उरले ते सुतक. कोणाच्या मरणाने कोणी दहा दिवस पाळावयाचे, हीच पुढे पन्नास वर्षे आमच्या खेड्यांतील चालतीबोलती वंशावळ होती, आणि 'त्यांचं आपलं सुतक फिटलं' एवढ्या एका वाक्याने एखादी पाती कायमची वेगळी पडे.

मग अकस्मात कागदाला पुन्हा किंमत आली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार मान्य केला. मराठा आरक्षणाच्या या प्रश्नाच्या राजकीय बाजूविषयी येथे लिहावयाचे नाही. परंतु जातीच्या दाखल्यास लागणारा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मिळविण्यासाठी, आणि सापडलेल्या नोंदीतील पुरुषाशी आपले नाते सिद्ध करण्यासाठी, ज्या कुटुंबांनी तीन पिढ्यांत एकमेकांच्या उंबरठ्याला पाय लावला नव्हता ती वंशावळीचा तक्ता घेऊन एकमेकांच्या ओसरीवर बसलेली सेनगाव-कळमनुरीकडे दिसू लागली. आज भरणाऱ्या मेळाव्यांपैकी काहींचे मूळ या ओसरीवरच्या बैठकींत आहे. स्नेह नंतर आला; आधी तहसील कार्यालय आले.

असे असले तरी, एक मेळावा या सर्व उलथापालथीत खंडित झाला नाही, आणि त्याला कोणी कुलसंमेलन म्हणत नाही म्हणून त्याकडे संमेलन भरविणाऱ्यांचे लक्षही जात नाही. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, ज्यांना इतरत्र गौरी म्हणतात, त्या मराठवाड्यात तीन दिवसांच्या पाहुण्या नसून घराच्या घटनेचा भाग आहेत. अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आगमन, ज्येष्ठेवर पूजन व महानैवेद्य, मुळावर विसर्जन. पुरण, अंबील, सोळा भाज्या आणि वर टांगलेला फुलोरा. शेताचे बांध पडतात, चुली वेगळ्या होतात, एक भाऊ वसमतला आणि दुसरा वाळूजच्या कारखान्यात जातो. पण अनेक घरांत लक्ष्म्या मात्र वाटल्या जात नाहीत. त्या थोरल्याच्या घरी उभ्या राहतात, किंवा भावाभावांत आळीपाळीने फिरतात, आणि ज्याला आपल्या घरी स्वतंत्र मांडावयाच्या असतील त्याने वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी अशी रीत आहे. ज्याची पाळी त्याने जागा आणि सरपण पाहावे, बाकीच्यांनी गहू, डाळ, गूळ पोहोचवावा. सुनांनी पुरण वाटावे, लेकींनी हळदीकुंकवाला हजर राहावे. सुतक आले तर पाळी कोणाकडे जाईल, हेही ठरलेले. न आलेल्याची विचारपूस होते, कारण त्याच्या न येण्याने कोणाच्या तरी हातचे काम अडते.

वार्षिक मेळाव्याचे शास्त्र म्हणून जर काही असेल तर ते एवढ्यातच आहे, आणि ते आमच्या आज्यांना पाठ होते. समित्या नेमून, अध्यक्ष निवडून, वर्गणीच्या पावत्या फाडून भरविलेला मेळावा दोन-चार उत्साही तरुणांच्या खांद्यावर उभा असतो; ते नोकरीनिमित्त दूर गेले की तो बसतो. पातीपातीला पाळी लावून दिली आणि पाळी सोडणे ही लाजेची गोष्ट झाली, की अध्यक्षाची गरजच राहत नाही. खर्चही माणशी न धरता पातीवार धरावा, म्हणजे ज्या पातीत माणसे फार आणि उत्पन्न थोडे तिच्यावर भार पडत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी घरे बंद करून जाणारी कुटुंबे चैत्राच्या आसपास परततात, त्यांना वगळून हिवाळ्यातली सोयीची तारीख धरणे म्हणजे नोकरदार पातीने मजूर पातीला मांडवाबाहेर ठेवणेच होय. हे अनेक संयोजकांच्या ध्यानात येत नाही, किंवा आले तरी ते बोलत नाहीत. बंजाऱ्यांच्या तांड्यांना ही अडचण कमी भासते. त्यांचा मेळा रामनवमीला शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला आपोआप भरतो, आणि वंशाची कथा कागदावर नसून ढाडी या त्यांच्या पारंपरिक गायकांच्या मुखात असते.

कागदाचा विचार करताना आणखी एक उणीव डोळ्यांत भरते. करीना घ्या, सनद घ्या, वा शिंदे समितीपुढे आलेले तक्ते घ्या. त्यांत पुरुषापासून पुरुष उतरतो आणि स्त्रियांची नावे गळतात. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क मिळाला; तथापि कित्येक घरांच्या दप्तरात लेकीचे नाव प्रथम उमटते ते हक्कसोडपत्रावर. नाव लिहिले गेले, तेही काही नको म्हणून सांगण्यासाठी! ही केवळ अन्यायाची बाब नाही, वंशावळीच्या अचूकपणाचीही आहे. इरावती कर्वे यांनी आपल्या १९५३ सालच्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल मोठ्या समाजात रूढ आहे. तेव्हा ज्या आत्याला आपण दुसऱ्या घरची म्हणून तक्त्यातून वगळतो, तिच्याच मुलाच्या घरी आपल्या घरची लेक सून होऊन गेलेली असते. स्त्रियांची नावे काढून टाकली की अशा घराण्याचे अर्धे धागे तुटतात, आणि उरलेल्या अर्ध्यांवरून सोयरीक समजणे अशक्य होते.

आश्चर्य असे की याच जिल्ह्याने याहून निराळा नमुना सुमारे सातशे वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. कयाधूच्या काठचे नरसी हे नामदेवांचे गाव म्हणून मानले जाते. त्यांच्या जन्मस्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जन्म शके ११९२, म्हणजे १२७० चा. औंढ्याला विसोबा खेचरांकडून त्यांना उपदेश मिळाला ही कथा नागनाथाच्या मंदिराशी कायमची जोडली गेली आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्यांचे घर. मूळपुरुष यदुशेट, वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, पुत्र नारा, विठा, गोंदा, म्हादा, लेक लिंबाई, बहीण आऊबाई, आणि या साऱ्यांबरोबर दासी जनी. चौदा माणसे घरची आणि पंधरावी जनी, असा हिशेब वारकरी परंपरेने जपला. गाथेत गोणाईच्या, राजाईच्या, सून लाडाईच्या नावावरही अभंग आहेत. त्यांतील कोणते कोणाचे याविषयी शंका घेता येते, आणि घ्यावीही. परंतु ज्या परंपरेला सासू-सुनांच्या मुखी घरचे गाऱ्हाणे घालावेसे वाटले आणि दासीला मोजणीत धरावेसे वाटले, तिची वंशावळीविषयीची समज आजच्या संगणकावर काढलेल्या तक्त्याहून विशाल होती, याविषयी शंका नको. पंढरपुरास नामदास घराणे स्वतःस नामदेवांचे वंशज म्हणवते, पंजाबात घुमानला त्यांचे स्थान आहे, गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत; एवढा विस्तार कोणत्याही वतनाच्या कागदाने सांभाळला नसता.

म्हणून ज्या घराण्यांना यंदा वंशावळीची वही सुरू करावयाची असेल, त्यांनी तक्त्याला आरंभापासून जास्तीचे रकाने ठेवावेत : लेकीचे नाव आणि ती दिली ते गाव, सुनेचे माहेरचे नाव, माहेरचे कुळ, आणि सालदार म्हणून घरात आयुष्य काढलेल्या माणसांची नावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्यांतून आपल्या गावाचे पान पाहून यावे. यात्रेला गेलेल्या विधवेने सांगितलेली नावे तेथे अनपेक्षितपणे हाती लागतात. माहुरची रेणुका किंवा माळेगावचा खंडोबा यांपैकी ज्यांचे कुळाचार चालू आहेत, त्यांनी कोणता नैवेद्य, कोणत्या दिशेस, कोणाच्या हातून, हे लिहून काढावे, कारण ते ठाऊक असलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. आणि मूळपुरुषाला चितोडच्या राजघराण्याशी जोडण्याचा मोह आवरावा. कुणब्याचा नांगर ज्याच्या निशाणीत आहे, त्याला तलवारीची उणीव कशासाठी भासावी?

तारखेचा प्रश्न राहतो. आषाढ वद्य एकादशीला नरसीला परतवारी भरते. पंढरीहून परतणारे वारकरी नामदेवांपाशी येऊन वारी पुरी करतात, आणि परगावी गेलेला या भागातला माणूस वर्षातून एकदा तरी त्या वाटेने येतो. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे भावकीने एकत्र सोडावे, पाळी कोणाची ते तेथेच ठरावे, वही वाचून दाखवावी, वर्षातली जन्मलेली आणि गेलेली माणसे तीत चढवावीत. मात्र जुना रुमाल त्या दिवशी सोडू नये. आषाढाच्या सर्द हवेत तो कागद चिकटतो. त्यासाठी दिवाळीनंतरचा कोरडा दिवस वेगळा धरावा, दोन-चार जाणत्यांनीच बसावे, आणि पंगत त्या दिवशी मुळीच ठेवू नये. या हळदीच्या मुलुखात जेवणाऱ्यांची बोटे पिवळी असतात आणि जुन्या कागदावरचा तो डाग पुढे निघत नाही.